फौजी मागे दिसतात तोवर

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला धाडसी वगैरे म्हणायला नको. एकतीस वर्षं शाळेत खेळाची शिक्षिका होते. पोरं मला घाबरायची आणि मी पालीला, विजांना आणि अवेळी वाजणाऱ्या फोनला. निवृत्तीनंतर माणसाने घाबरायच्या गोष्टी कमी कराव्यात, मी एक वाढवून घेतली. साठीला टेकले असताना मुळा धरणाच्या पाण्यात शर्यतीची होडी मारायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ही होडी मासे धरायची नव्हे. सव्वीस फूट लांब आणि रुंदीला इतकीच की बूड कसंबसं टेकावं. एकाच माणसाने बसायचं, दोन हातांत दोन लांब वल्ही, खाली पुढेमागे सरकणारी बैठक, पाय समोर ठोकलेल्या बुटांत. हिच्याबद्दल दोन गोष्टी कळल्या की पुरे. वल्ह्यांच्या मुठी हातातून सुटल्या की ही कलंडते, कारण पाण्यावर पसरलेली ती दोन वल्हीच तिला तोलून धरतात. नाकाला खाज आली तरी दोन्ही मुठी एका हातात गोळा करायच्या आणि मग दुसऱ्या हाताने खाजवायचं. आणि दुसरी गोष्ट, होडी जिकडे जाते तिकडे आपली पाठ असते. समोर दिसतं ते सगळं मागे टाकलेलं. पुढे काय आहे ते मान वळवल्याशिवाय कळत नाही, आणि मान फार वळवली की तोल जातो. माझ्यासारख्या बाईने दुसरा कुठलाही खेळ निवडायला हवा होता.

हे खूळ डोक्यात भरलं फौजींनी. आमच्या देवळाली प्रवरात त्यांना सगळे फौजीच म्हणतात. सैन्यातून हवालदार होऊन परतलेले, चौसष्ट वर्षांचे, पाठ अजून ताठ. तिकडे असताना त्यांनी वल्हवण्याच्या शर्यतींत पदकं मिळवली होती. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे ओळख जुनी. एका नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत ते माझ्या मागे उभे होते. बोलता बोलता मी म्हणाले की कॉलेजात असताना पुण्याला नदीवर मीही होडी मारायचे. ते रांग सोडून पुढेच आले.

"मंग बाई, घरी बसून कोथिंबीर निवडताय व्हय?"

दोन महिन्यांत त्यांनी पुण्याच्या एका क्लबातून टाकून दिलेल्या दोन होड्या आणल्या. टेम्पोच्या टपावर बांधून, मागे लोंबणाऱ्या टोकाला लाल फडकं लावून. भेगा फायबरने बुजवल्या आणि धरणाच्या फुगवट्यालगत एका नातलगाच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ठेवल्या. कोंबड्यांचा वास माझ्या होडीला अजून येतो.

गावात बोलणारे बोललेच. एक विधवा मास्तरीण आणि एक म्हातारा फौजी पहाटे धरणावर जातात म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं? म्हातारचळ हा त्यातला सभ्य शब्द. पण फौजींच्या घरच्या, म्हणजे वहिनी, पहिल्या दिवशी स्वतः आल्या. काठावर पोतं अंथरून दोन तास तुरीच्या शेंगा सोलत बसल्या, आम्हाला पाहत राहिल्या. उठताना म्हणाल्या, "ह्येंना एकट्याला पान्यात धाडायची माजी छाती न्हाई. बाई संगं हायेत तर जाऊ द्या." नंतर गावात कोणी काही म्हणालं की वहिनीच त्यांना गप्प करायच्या. त्या बाईने माझ्यावर किती विश्वास टाकला होता ते मी नीट लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

फौजींनी नियम मात्र पहिल्या दिवशीच घालून दिला होता. एकट्याने पाण्यावर जायचं नाही. दोघं असू तरच होड्या बाहेर निघणार.

गेला हिवाळा आमचा तिसरा. फेब्रुवारीत पुण्याजवळ वयस्कांची शर्यत होती, एक हजार मीटरची, साठीपुढच्यांचे गट वेगळे. आदल्या वर्षी मी शेवटून दुसरी आले होते आणि त्यातच खूश होते. फौजी दुसरे आले होते, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. पुण्यातल्या एका निवृत्त साहेबाने त्यांना अगदी हातभर अंतराने हरवलं. "साहेब लोकांनी नोकरीभर हरवलं," ते म्हणायचे, "पान्यात तरी न्हाई हरायचं."

थंडीतला सराव हा सगळा भीतीचाच कारभार. सहाच्या सुमारास मी स्कूटीवर निघायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तोड चालू झाली की तो एका फडातून दुसऱ्या फडात जातो. मी हॉर्न वाजवत, मोठ्याने पाढे म्हणत जायचे. पाढ्यांनी बिबट्या पळतो असं नाही, पण गप्प बसवत नाही. शेडपाशी पोचेपर्यंत उजाडू लागलेलं असायचं. पाण्यावर वाफ, पलीकडचा काठ दिसत नाही, बोटं बधिर. वल्ह्याची मूठ नीट कळावी म्हणून हातमोजे घालता येत नाहीत. पाण्यात पडलो तर किती वेळ तग धरू, हा हिशेब मी रोज पहिली दहा वल्ही मारेपर्यंत करायचे.

सरावाची त्यांची एक पद्धत होती. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीचं एक खोपटं काठावर आहे, तिथून टेकाडावरच्या एकुलत्या बाभळीपर्यंत अंदाजे एक हजार मीटर. ते अंतर चार वेळा, मध्ये थोडी विश्रांती. मी बाईमाणूस आणि कच्ची, म्हणून मला तीस वल्ह्यांची सूट. मी आधी सुटायचं, माझी तीस वल्ही मोजून झाली की त्यांनी सुटायचं आणि बाभळीच्या आत मला गाठायचं. बहुतेक वेळा ते गाठायचे. शेजारून जाताना मोठ्याने "राम राम बाई!" म्हणायचे. त्या राम राममध्ये इतका आगाऊपणा असायचा की मला वल्हं फेकून मारावंसं वाटे.

यात एक गोष्ट होती जी मला तेव्हा महत्त्वाची वाटली नव्हती. मी पुढे असले की ते मला पूर्ण दिसत, कारण माझं तोंड त्यांच्याकडे. त्यांना मी दिसत नसे, कारण त्यांची माझ्याकडे पाठ.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या फेरीला, मला ते थांबलेले दिसले. पाठमोरे असले तरी कळलं, दोन्ही मुठी उजव्या हातात गोळा केल्या होत्या आणि डावा कोपर छातीवरच्या खिशात काही चाचपल्यासारखा हलत होता. मला वाटलं, रुमाल काढताहेत. मग ते पुढे वाकले आणि तसेच राहिले.

ही होडी वळवणं म्हणजे बोळात उसाची ट्रॉली वळवण्यासारखं आहे. मी वळून पोचले तोवर ते सरळ बसले होते, पण चेहरा राखेसारखा झाला होता आणि त्या थंडीत कपाळावर घाम होता.

"पित्त झालंय," ते म्हणाले.

"पित्ताची गोळी जिभेखाली ठेवतात का?" मी विचारलं. कारण जवळ येताना मान वळवली तेव्हा मला दिसलं होतं.

 तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीनंतर छातीत आवळल्यासारखं झालं म्हणून ते गुपचूप नगरला डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्या तार घालून तपासायला सांगितलं होतं, लगेच. यांनी गोळ्या घेतल्या आणि परत आले.

"शर्यत झाली की दुसऱ्या दिशी जातो. शब्द हाय माजा."

"वहिनींना माहीत आहे?"

"न्हाई. आन तुमी सांगायचं बी न्हाई. तिला कळलं तर शेडला कुलूप लागंल बाई."

मी तिथल्या तिथे त्यांना काठावर न्यायला हवं होतं आणि वहिनींना फोन लावायला हवा होता. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की मैदानावर चक्कर आली तर लपवायची नाही. पण शेडला कुलूप लागेल म्हटल्यावर मला त्यांची होडी दिसली नाही, माझी दिसली. फौजी नाहीत तर मी नाही, नियमच होता तो. आणि घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. मुलगी पुण्याला, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दिवसभरात ज्या एका गोष्टीसाठी मी उठत होते ती मला सोडायची नव्हती. मी म्हणाले, "बरं." इतकंच. पण हा माझा शब्द होता आणि तो वाईट शब्द होता.

घरी येऊन मी चहा केला आणि तो तसाच गार झाला. 

मग मी माझ्या मनाची समजूत घालायला एक युक्ती काढली. सांगायचं नाही असं ठरलं, तर निदान लक्ष ठेवायचं. ते माझ्या नजरेसमोर राहिले पाहिजेत. आणि नजरेसमोर राहायचे तर माझ्या मागे राहिले पाहिजेत. ते एकदा पुढे गेले की माझ्या पाठीमागे जाणार, आणि तिकडे त्यांचं काय होतंय ते मला कळणार नाही. तेव्हा त्यांना पुढे जाऊ द्यायचं नाही. साधा विचार होता. मला तो फार शहाणपणाचा वाटला.

साठ वर्षांची बाई भीतीने किती जोर लावू शकते ते मला त्या थंडीत कळलं. मोटारीच्या खोपटापासून सुटले की माझे डोळे फक्त त्यांच्या पाठीवर. खांदे सारखे हलताहेत ना, मान पडत तर नाही ना, दोन्ही वल्ही एकदम पाण्यात जाताहेत ना. मी त्यांची वल्ही मोजायचे, माझी नाही. ते जरा जवळ आले की माझ्या पायांत कुठून बळ यायचं देव जाणे. जांघा पेटायच्या, तोंडाला रक्ताची चव यायची, तरी मी अंतर राखायचे. नाताळापर्यंत ते मला चार फेऱ्यांतून एकदाच गाठत होते. नवीन वर्ष लागलं तसं तेही बंद झालं. त्यांचं "राम राम बाई" मी आठवडाभर ऐकलं नाही. आणि खरं सांगते, भीतीच्या तळाशी मला थोडासा अभिमानही वाटत होता.

सराव संपला की रोज एकदा विचारायचे, "आज दुखलं?" ते म्हणायचे, "न्हाई, ठणठणीत." मी विश्वास ठेवायचे, कारण न ठेवून चालणार नव्हतं.

संक्रांत चार-पाच दिवसांवर आली होती. होड्या शेडमध्ये ठेवून झाल्यावर फौजी उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, औंदा तुमी काय खाताय?"

"का?"

"घावतच न्हाई तुमी. लई जोर लावतो मी." ते हसले. "तुमाला म्हाईत न्हाई, मला तुमी दिसत न्हाई ना पुढं. नुसता वल्ह्यांचा आवाज येतो. आवाज जवळ आला की वाटतं, आता घावल्या. लांब गेला की मंग मी जीव काढून मारतो. काल तर शेवटच्या फेरीला डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी थांबलो न्हाई. म्हनलं, बाईमाणसाच्या मागं ऱ्हायलो तर साहेबाला काय हरवनार?"

मी स्कूटी चालू केली आणि तशीच बसून राहिले. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, गार पडली आहे."

त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी पुढे पळत होते, आणि मी पुढे पळत होते म्हणून ते जीव काढत होते. एक महिना मी त्या माणसाला सांभाळत नव्हते, फरफटवत होते. एवढी साधी गोष्ट मला कळायला त्यांनीच ती सांगावी लागली. घरी जाताना मी पाढे म्हणायचे विसरले.

संध्याकाळपर्यंत मी दोन गोष्टी ठरवल्या. उद्यापासून हळू मारायचं, त्यांना पुढे जाऊ द्यायचं. आणि संक्रांतीला वहिनींकडे तिळगूळ द्यायला जायचंच आहे, तेव्हा सगळं सांगून टाकायचं. आज का नाही, उद्या का नाही, संक्रांतीलाच का? कारण सणाच्या दिवशी माणसं कमी रागावतात असं मला वाटलं. भित्र्या माणसाला मुहूर्त पाहायची फार सवय असते.

दुसऱ्या दिवशी धुकं कमी होतं. पहिल्या फेरीला मी सुटले, तीस वल्ही मोजली, ते सुटले. निम्म्यावर आल्यावर मी जोर काढून घेतला. ते भराभर जवळ आले, शेजारी आले, आणि आठ-दहा दिवसांनी मला तो आवाज ऐकू आला.

"राम राम बाई! आज घावलात!"

पोरासारखे खूश झाले होते. मला क्षणभर बरंही वाटलं. मग ते माझ्या खांद्यापलीकडे गेले आणि दिसेनासे झाले.

मला वाटलं होतं, पुढे गेले की निवांत होतील. पण आता त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मी मागे पडलेली त्यांना दिसत होते, आणि इतक्या दिवसांनी हाती लागलेली आघाडी सोडणारे ते फौजी नव्हेत. त्यांच्या वल्ह्यांचा आवाज माझ्या पाठीमागून येत होता, कडीत वल्हं फिरतं तो खटका, मग पाण्याचा खळखळाट, पुन्हा खटका. तो मंद होण्याऐवजी जलद झाला. मी ओरडले, "फौजी, हळू!" त्यांना ते चिडवणं वाटलं असणार. मी नुसती ऐकत राहिले. समोर मला मोटारीचं खोपटं, काठ, रिकामं पाणी दिसत होतं, आणि ज्याच्यासाठी जीव मुठीत धरला होता तो माणूस फक्त आवाज होऊन उरला होता. खटका, पाणी, खटका, पाणी. मग एक खटका उशिरा आला. मग एकाच बाजूचा आला. मग काहीच नाही.

मान वळवली. ते साठ-सत्तर हात पुढे थांबले होते. दोन्ही मुठी एका हातात, आणि दुसऱ्या हातातली गोळीची पट्टी ते दातांनी फाडायला पाहत होते. बधिर बोटांतून ती फिरत होती. होडी डावीकडे कलत होती, सावरत होती, पुन्हा कलत होती.

त्यांच्यापर्यंत जायचं तर मला त्यांच्याकडे पाठ करून वल्हवायला लागणार होतं. या खेळाचा इतका राग मला कधी आला नव्हता. तीन वल्ही मारायची, मान वळवायची. दर वेळी वाटायचं, आता वळून पाहीन तेव्हा होडी पालथी असेल. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी "थांबा, थांबा, थांबा" एवढंच म्हणत होते, कोणाला ते माहीत नाही.

पोचले. माझं वल्हं त्यांच्या होडीवर आडवं सारलं आणि त्यांची वल्ही अडकवायची लोखंडी दांडी धरली. दोन होड्या एकमेकींना टेकल्या की डुगडुगत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दांडी कोपराखाली दाबून पट्टी त्यांच्या हातातून घेतली, दातांनी फाडली, गोळी त्यांच्या तोंडात घातली. ओठ निळसर झाले होते. डावा हात छातीवर दाबून ते बसले होते, आणि श्वास आत घेताना बारीक कण्हत होते.

"मूठ… सोडू नका," ते म्हणाले. माझ्या मुठीबद्दल बोलत होते. तशातही शिकवत होते.

"गप्प बसा," मी म्हणाले.

आणि मग मला कळलं की आता पुढे काहीच करता येत नाही. वल्हवायचं तर त्यांची होडी सोडावी लागेल. सोडली तर ते पाण्यात जातील, आणि या अवस्थेत गार पाण्यात गेले तर संपलंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. धरणाच्या मधोमध एका हाताने माझी वल्ही आणि एका हाताने त्यांची होडी धरून मी बसले. काठ दोन्हीकडे लांब. दूर एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता.

मी हाका मारल्या. त्याने पाहिलं, हात वर केला आणि पुन्हा जाळं ओढायला लागला. मी आणखी ओरडले. "काढतो, काढतो!" त्याने उत्तर दिलं. आमचं आणि त्यांचं जाळ्यांवरून रोजचं भांडण. आमच्या वाटेत जाळी येतात म्हणून मी कित्येकदा अशीच किंचाळले होते. त्याला वाटलं, बाईंचं आजही तेच. मी त्याच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

माझ्या तोंडून पुढे शब्द फुटेना. मी नुसती रडले, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लाज न बाळगता. त्याचा हात थांबला. भांडायला आलेली बाई रडत नाही हे त्याला समजलं असावं. त्याने जाळं तसंच टाकलं आणि हातांनी पाणी मारत निघाला. तराफा किती सावकाश येतो ते तेव्हा पाहिलं. तेवढ्या वेळात फौजींनी दोनदा डोळे मिटले आणि दोन्ही वेळा मी त्यांना हवालदार म्हणून खडसावलं. दोन्ही वेळा त्यांनी डोळे उघडले.

मासेमाराने जाळ्याची दोरी दोन्ही होड्यांना बांधून आम्हाला काठाला ओढलं. तिथून कांद्याची पिकअप, राहुरी, आणि राहुरीहून ॲम्ब्युलन्सने नगर. माझे पाय ओले होते आणि चपला शेडमध्येच राहिल्या होत्या, हे मला दवाखान्याच्या फरशीवर चालताना कळलं. दुपारी, वहिनी नगरला येऊन पोचल्यावर, डॉक्टर बाहेर आले. मोठी नळी जवळजवळ बंद होती, ती उघडून स्प्रिंग बसवली, धोका टळला आहे, होडी मात्र विसरा, असं म्हणाले. वहिनींनी हात जोडले. मी भिंतीला टेकून खाली बसले.

वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी माझा हात धरला होता. मग म्हणाल्या, "डाक्टर म्हनले, टायमाला गोळी घेतली म्हनून वाचले. बाई, गोळी त्येंच्या खिशात कशी काय हुती?"

मी सगळं सांगितलं. दिवाळीनंतरचं नगर, डिसेंबरातली ती फेरी, माझं "बरं". संक्रांतीला सांगणार होते हेही सांगितलं. ते तोंडातून निघताना मलाच ऐकवलं नाही.

"म्हंजी म्हैना झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

त्या ओरडतील, मला उठून जायला सांगतील, म्हणून मी मान खाली घालून थांबले. त्यांनी फक्त माझा हात सोडला आणि मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बोलल्या.

"आठ दिसांमागं पहाटं ह्ये म्हनले हुते, आज जीव नको म्हनतोय, झोपतो. मीच त्येंच्या अंगावरची गोधडी वडली. म्हनलं, बाई थंडीत एकट्या उभ्या आसतील तितं. उठा."

तो दिवस मला आठवला. ते दहा मिनिटं उशिरा आले होते, आणि मी काही न बोलता त्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं.